जीर्णोद्धार कीं कायापालट?

अमेरिकेंत लांकडी अंगाच्या जुन्या स्टेशन-वॅगन मोटारी हुडकून काढून त्यांचा जीर्णोद्धार करण्याचा छंद अनेकांस जडला आहे. जुन्या वस्तूंविषयीं आस्था असणें हा गुणच होय. परंतु या आस्थेच्या नांवाखालीं जें पुष्कळदां चालतें, त्यास जीर्णोद्धार म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

ही गाडी मुळांत कशासाठीं होती? आगगाडीचे उतारू व त्यांच्या ट्रंका स्टेशनावरून मुक्कामीं पोंचविण्यासाठीं. नांवच तें सांगतें. फोर्ड कंपनीनें १९२९ सालीं 'मॉडेल ए'ची अशी वॅगन विक्रीस काढली. पुढें मिशिगनमधील आयर्न माउंटन येथील तिच्या कारखान्यांत मेपल, बर्च वगैरे लांकडांचे भाग तयार होत. दुसऱ्या महायुद्धांत तेथेंच सैन्यासाठीं ग्लायडर विमानें बांधलीं गेलीं. लांकडाच्या सांध्यांत पाणी मुरे, म्हणून वरचेवर वार्निश द्यावें लागे. प्लिमथनें १९४९ सालीं पोलादी अंगाची वॅगन आणली आणि लांकडाचे दिवस भरत आले. ब्यूइकनेंही १९५३ नंतर तें सोडलें. मग या गाड्या मातीमोल झाल्या, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर खेळणाऱ्या तरुणांनीं फळ्या वाहण्यासाठीं त्या स्वस्तांत घेतल्या. सारांश, ही गाडी जन्मभर कष्टाची व उपयोगाची होती.

आतां तिचें काय होतें? मूळ लांकूड सरसकट उतरवून नवें बसवितात, कारखान्यांतही कधीं नव्हती अशी आरशासारखी झिलई चढवितात, आणि ती दुसऱ्या गाडीवर लादून प्रदर्शनास नेतात. पावसाचा थेंब पडला कीं मालकाचा जीव खालींवर! जी सामान वाहण्यासाठीं जन्मली, तीच आतां सामान होऊन बसली.

यावर कोणी म्हणेल, 'कुजलेलें लांकूड ठेवावें काय? त्यानें दार तरी धरेल काय?' आक्षेप रास्त आहे. कुजलें तें काढलेंच पाहिजे. पण एका खांबाचें टोंक कुजलें म्हणून सबंध खांब फेंकणें ही दुरुस्ती नव्हे. जाणता सुतार कुजका भाग तेवढा कापून तेथें त्याच जातीच्या लांकडाचा सांधा बसवितो, व बाकीच्यास हात लावीत नाहीं. त्या जुन्या लांकडावर कारागिराच्या हत्याराची खूण असते, उन्हापावसाचा इतिहास असतो. तो एकदां पुसला, कीं कितीही पैसा ओतला तरी परत मिळत नाहीं. नवी झिलई मात्र केव्हांही विकत मिळते.

दूरच्या मोटारींची ही उठाठेव आम्हांस कशाला, असें वाचक विचारतील. कारण हाच रोग आमच्या घरींही आहे. गांवोगांवच्या जुन्या पाषाणी देवळांस जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं भडक तेलरंग फांसतात, दगडी फरशी उखडून गुळगुळीत लाद्या घालतात, आणि त्यांतच भक्ति झाली असें समजतात. सुतार व पाथरवट यांच्या हातची खूण पुसून त्यांच्याच कलेचा गौरव कसा होतो, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

जुन्या वस्तूचें प्रेम असेल तर तिला तिचें वय असूं द्यावें आणि तिचें काम करूं द्यावें. सुरकुत्या लाजेनें झांकाव्या लागाव्यात, असें तिनें कांहींच केलेलें नाहीं.