पुरावो खयसून हाडू?

मी गोदीत ओझी उचलतो. दहावी पास. रात्रपाळी नसली की कविता लिहितो. गोदीतला एक कायदा मला पाठ आहे : जहाजातून उतरलेला डाग टॅली क्लार्कच्या कागदावर चढला नाही, तर तो उतरलाच नाही. मग भले त्याच्या वजनानं तुमचा खांदा सोलून निघालेला असू दे.

आपल्या कलेचं या मुलखात नेमकं हेच झालंय.

माझं गाव नांदगाव, कणकवली तालुका. देवगडचा रस्ता जिथं फुटतो तेच. तिथल्या बौद्धवाडीत माझा चुलता चाळीस वर्षं ढोलकी वाजवत होता. दिवसा चिरेखाणीवर, रात्री गायन पार्टीत. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्न, पुण्यानुमोदन, कुठंही. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देतं असं कळलं, म्हणून मी खाडा करून गावी गेलो. त्याला घेऊन कचेरीत गेलो. टेबलामागचा साहेब म्हणाला, "पुरावा? प्रमाणपत्र, कात्रण, काहीतरी?" चुलत्यानं घट्टे पडलेली बोटं पुढं केली. म्हणाला, "सायबानू, रातभर वाजवलंय त्येचो कागद कोण देता? पुरावो खयसून हाडू?"

साहेब हसला. अर्ज परत. पुढच्या पावसाळ्यात चुलता गेला.

ही रडकथा नाही, दोस्तांनो. हा हिशेब आहे.

हे मानधन आधी तीन प्रतींत वाटलं जायचं. राष्ट्रीय कलावंताला ३१५० रुपये, राज्याच्याला २७००, स्थानिकाला २२५०. म्हणजे दिल्लीत गाणाऱ्याची भूक मोठी आणि वाडीत गाणाऱ्याची लहान! २०२४ साली सरसकट ५००० केले. बरं केलं. पण दार तेच, आणि दारावरचा प्रश्नही तोच : कागद. कागद कुणाजवळ असतो? ज्याच्या नावाची पत्रिका छापली जाते, ज्याला नाट्यगृहाची पायरी चढायला मिळते, त्याच्याजवळ. २०१० साली राज्याचं सांस्कृतिक धोरण आलं. २०२४ ला दुसरं आलं. आमच्या वाडीत येऊन कुणी विचारलं, की बाबांनो, तुमच्याकडं गातं कोण?

मालवणी मुलखाची कला म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी दशावतार. असू दे. पेटारा घेऊन गावोगाव रात्री जागवणाऱ्या त्या नटांशी माझं वैर नाही. तेही पोटासाठीच रंग फासतात. पिंगुळीच्या ठाकरांनी चित्रकथी जगवली, २०२१ साली परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली, मलाही आनंद झाला. पण दशावताराला जत्रा आहे, देवस्थान आहे, मानकरी आहेत. माझा आजा पोर असताना तो खेळ आवाराबाहेर उभा राहून बघायचा. धम्म घेतला, देव सोडले, त्याबरोबर जत्रेचा मांडही सुटला. मग आपले लोक मुके झाले काय? नाही! वर्गणी काढली. पेटी घेतली, ढोलकी मढवली, अंगणात गॅसबत्ती टांगली आणि पहाटेपर्यंत सामने रंगवले. आधी पोटाला चिमटा, मग गाणं. याला म्हणतात सांस्कृतिक धोरण.

बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नेला कुणी? १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी नेला. पुढं वामनदादांनी नेला. त्यांना भाकरी आणि अंथरूण वस्त्यांनी दिलं. आणि १९७८ साली कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर स्वतःच पुस्तक लिहिलं. दुसरा कुणी टॅली करील म्हणून ते थांबले नाहीत.

आता आपल्याकडं वळतो. राग आला तर येऊ दे.

गेल्या जयंतीच्या वर्गणीतला मोठा घास डीजेनं खाल्ला. गायन पार्टीला चहा मिळाला. चुलत्याची बोटं साहेबाला दिसली नाहीत, ठीक आहे, तो साहेब आहे. आपल्याला दिसली का? सगळ्यांच्या खिशात मोबाईल होते. एकानं तरी त्याची ढोलकी भरून ठेवली? मी स्वतःला कवी म्हणवतो, मीही नाही ठेवली. आज ती खुंटीवर आहे आणि त्याचा ठेका कुणालाच येत नाही. या चोरीत साहेब एकटा नाही. आपणही आहोत.

म्हणून सरकारला सांगू : वाडीची नोंदवही आणि ग्रामसभेचा ठराव हाच कलेचा पुरावा धरा. प्रमाणपत्राची भीक आम्ही मागणार नाही. समाजमंदिरांची कुलपं काढा, तिथं तालमी होऊ द्या. निधी कुठं जाणार हे ठरवताना वाडीतला गाणारा त्या बैठकीत बसलेला पाहिजे.

आणि स्वतःला सांगू : वर्गणीतला निम्मा पैसा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. एका म्हाताऱ्याजवळ एका पोरानं बसायचं, ठेका उचलायचा.

मी दोनशे पानी वही घेतलीय. पहिलं नाव चुलत्याचं, उशिरा का होईना. दुसरं माझ्या चुलतीचं. भीमाचे पाळणे गात तिनं अख्खी वाडी वाढवली, पण तिला कलावंत म्हणायचं आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती हसली, म्हणाली, "माजा नाव कित्याक रे?"

लिहिलं. तुमच्या वाडीची वही कुठाय?