लेकीचे मधले नाव

सरकारी अर्जात नावाच्या मधल्या रकान्यावर बहुधा 'वडिलांचे/पतीचे नाव' असे छापलेले असते. पुरुषाला त्या तिरक्या रेघेशी काही कर्तव्य नसते. तो जन्मभर वडिलांचेच नाव लावतो. लग्न झालेल्या बाईने मात्र रेघेच्या पलीकडचे नाव लिहायचे, हे आपण गृहीत धरले आहे.

बाईच्या आडनावावर पुष्कळ वाद झाले. मधल्या नावाची आठवण फारशी कुणाला होत नाही. वास्तविक वडिलांची ओळख सांगते ते मधले नावच. चिपळूणकर, गुहागरकर, खेडकर ही आडनावे गाव सांगतात. विष्णुशास्त्री कृष्णशास्त्री चिपळूणकर कोणाचे चिरंजीव, हे मधल्या नावावरून कळते. लेकीच्या नावातून लग्नात नेमके तेच पुसले जाते.

रशियात वडिलांचे नाव मध्ये तर असतेच, शिवाय इवानोव्ह, पेत्रोव्ह ही आडनावेही मुळात 'इवानचा', 'प्योत्रचा' अशीच आहेत. तिथल्याही बहुतेक बायका नवऱ्याचे आडनाव घेतात. पण मधले नाव लग्नाने बदलत नाही. टॉलस्टॉयच्या कादंबरीतली आना अर्काद्येव्हना कारेनिना घ्या. कारेनिना हे सासरचे आडनाव. अर्काद्येव्हना म्हणजे अर्कादीची मुलगी. तिचा भाऊ स्तेपान अर्काद्येविच ऑब्लोन्स्की. आडनावे निराळी, तरी दोघे एकाच बापाची लेकरे हे नावातच दिसते.

आपल्याकडे तसे दिसत नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला गेलेल्या बाईला आधी माहेरची ती आणि सासरची ती एकच, हे पटवून द्यावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला शोधा, विवाह नोंदणीचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमधल्या ज्या घरांतली कागदपत्रे गेली, तिथल्या बायकांनी हा पुरावा आणायचा कुठून? भावावर ही वेळ येत नाही. त्याचे नाव बदललेलेच नसते.

राज्य शासनाने 2024 मध्ये चांगला निर्णय घेतला. 1 मे 2014 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव आले. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी जुनीच रीत ठेवली: तिचे नाव, पतीचे नाव, आडनाव. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा तेवढी दिली. म्हणजे आईचे नाव मुलाकडे कायमचे राहणार आणि मुलीकडे लग्नापर्यंत. आईचा हा सन्मान अर्धाच आहे. लेकीच्या लग्नाबरोबर तो संपतो.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. आहे ती वहिवाट, आणि तिला शासनाने आपल्या निर्णयात जागा द्यायला नको होती. या निर्णयातल्या पहिल्या मुली 2032 मध्ये अठरा वर्षांच्या होतील. त्याआधी हे कलम बदलावे. जन्मदाखल्यावरचे आई-वडिलांचे नाव मुलाप्रमाणेच मुलीचेही शेवटपर्यंत राहील, असा नियम करावा. पतीचे नाव कोणाला जोडायचे असेल तर तिने खुशाल जोडावे. त्यासाठी आई-वडिलांचे नाव काढायला लावू नये.