सदारंगाची सही

ख्यालाच्या अंतऱ्यात ‘सदारंग’ हे नाव आले की बंदिश नियामत खाँ यांची, असे सर्रास धरले जाते. नियामत खाँ हे दिल्लीच्या मुहम्मदशाहाच्या (१७१९–१७४८) दरबारातले बीनकार. सदारंग ही त्यांची मुद्रा, म्हणजे बंदिशीत गुंफलेले टोपणनाव. काही बंदिशींत मुहम्मदशाहाचेही नाव येते. तिथे बादशहा आश्रयदाता की सहकर्ता, हा प्रश्न उरतोच.

खरी अडचण पुढची. बंदिशी तोंडी चालत आल्या आणि थोर नाव जोडले की चीज वजनदार होते. त्यामुळे सदारंगाच्या नावावरच्या सगळ्याच रचना त्यांच्या असतील, हे पटणे कठीण. एकच चीज दोन घराण्यांत वेगळ्या शब्दांत आढळते, तेव्हा मूळ कोणते हे मुद्रेवरून ठरत नाही. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो चिजा स्वरलिपीत छापल्या, पाठ स्थिरावले, पण कर्तृत्वाचा निवाडा छपाईने होत नाही. खुद्द भातखंडे ‘चतुर’ या मुद्रेने रचना करत.

छपाईचे तेच ध्वनिमुद्रणाचे. मिरजेत स्थायिक झालेल्या गायक अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतल्या ‘पिया बिन’ या ठुमरीची ध्वनिमुद्रिका गाजली. चीज खाँसाहेबांच्या नावाने ओळखली जाते. ध्वनिमुद्रिका मात्र फक्त गाणाऱ्याचा पुरावा देते, रचणाऱ्याचा नाही. विसाव्या शतकातल्या ‘प्रेमपिया’ (फैयाज खाँ) किंवा ‘गुणीदास’ (जगन्नाथबुवा पुरोहित) या मुद्रांबाबत संशय कमी, कारण शिष्यांची साक्ष हाताशी आहे.