कापड पारखून घेता, मग करार का नाही?

तागा उलगडून, चिमटीत धरून, उजेडात पाहिल्याशिवाय आपण कापडाचा सौदा करीत नाही. पण परदेशातून यंत्र भाड्याने घेताना किंवा तेथील बँकेचे अर्थसाह्य घेताना इंग्रजी करारावर डोळे झाकून सही करतो. वर ‘इजारा’ किंवा ‘मुराबहा’ हा शब्द दिसला की आपण निश्चिंत होतो. व्यापारी बांधवांनो, ही निश्चिंती महागात पडू शकते.

बहारीनची शामिल बँक आणि बांगलादेशातील बेक्झिम्को समूह यांच्यातील दावा प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. १९९५-९६ मध्ये बँकेने मुराबहा पद्धतीने पैसा दिला. तो थकल्यावर १९९९ मध्ये इजाऱ्याच्या धर्तीवर नवे करार झाले. मालमत्तेची मालकी बँकेकडे आणि वापराचे भाडे समूहाने द्यायचे. तेही थकले. शरीअतच्या तत्त्वांच्या अधीन राहून इंग्लंडचा कायदा लागू होईल, असे करारात लिहिले होते. बँक लंडनच्या न्यायालयात गेली. तेव्हा देणेकऱ्यांनी बचाव केला की, हे व्यवहार नावालाच इस्लामी आहेत, प्रत्यक्षात ही व्याजाची कर्जेच आहेत, म्हणून ती वसूल करता येणार नाहीत.

जानेवारी २००४ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. कराराला कोणत्या तरी देशाचाच कायदा लागू होतो आणि एका कराराला एकाच वेळी दोन कायदे चालत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. शरीअतचा नुसता मोघम उल्लेख पुरत नाही, विशिष्ट नियम करारात स्पष्ट घातलेले असावे लागतात.

पैसा वापरून झाल्यावर शरीअत आठवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. पण हा धडा प्रामाणिक माणसालाही लागू आहे. इजाऱ्यात मालकीचा धोका मालकाचा, असे आपण गृहीत धरतो. कागदावर मात्र ‘यंत्र चालो वा न चालो, भाडे द्यावेच लागेल’ असे कलम असेल, तर न्यायालय कागदच वाचील.

दूरदेशीचे न्यायालय आपले काय करणार, असेही समजू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ अन्वये इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपल्या जिल्हा न्यायालयामार्फत होऊ शकते. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीच्या न्यायालयांनाही ही तरतूद लागू झाली आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. कायदा कोणत्या देशाचा? तंटा कोठल्या न्यायालयात किंवा लवादापुढे जाणार? मोठी दुरुस्ती आणि विमा कोणाकडे? यंत्र जळाले वा निकामी झाले तर भाडे थांबणार का? शरीअतची जी अट आपल्याला हवी, ती स्वतंत्र कलम करून साध्या शब्दांत लिहून घ्या. समोरचा लिहून द्यायला तयार नसेल, तर तेथेच उठावे. वकिलाची फी वाचवून पुढे पेढी गमावण्यात शहाणपण नाही.