कडू पेला आणि मोहाचे फूल

कडू चव आपल्याला नवी नाही. पाडव्याला कडुनिंबाचे पान चावून आपण वर्ष सुरू करतो, ताप आला की नाक दाबून काडेचिराईताचा काढा पितो. तरीही मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत इटलीच्या कडू मद्यांचे जे कौतुक चालते, ते पाहून मौज वाटते. त्यात 'नेग्रोनी'चा मान मोठा. जिन, काम्पारी आणि गोड व्हर्मूथ सारख्या मापाने घ्यायचे, बर्फावर ढवळायचे, वर संत्र्याची साल पिळायची. झाली नेग्रोनी!

या मद्यांचे मूळ औषधाच्या कपाटात आहे. मिलानमध्ये १८४५ साली निघालेले फेर्नेट-ब्रांका पोटाचे औषध म्हणून खपले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हाही ते औषध म्हणून मिळत राहिले. अशा मद्यांत पडणारी जेन्शियनची मुळी आणि आपले काडेचिराईत एकाच कुळातले. आपल्या आसव-अरिष्टांतही आंबवण्याने मद्यार्क उतरतोच. औषध कुठे संपते आणि दारू कुठे सुरू होते, हे बरेचसे मापावर ठरते.

मापाचा हा विचार मला चंद्रपूर-गडचिरोलीकडे नेतो. बँकेच्या नोकरीतली काही वर्षे मी त्या भागात काढली. चैत्राच्या पहाटे मोहफुले टपटप पडतात आणि घरेच्या घरे टोपल्या घेऊन जंगलात जातात. वाळवलेले फूल पोटाला होते, बाजारात मीठ-तेलाला होते, दारूलाही होते. पासबुक नसलेल्या घराची ती ठेवच.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातल्या बायका २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. २०१५ साली तिथेही बंदी आली, ती २०२१ साली उठली. यावर एक सवाल हमखास येतो. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'वारसा' म्हटले. मग आमच्याच मोहाने काय पाप केले? इटलीची बाटली प्रतिष्ठित आणि आदिवासीचे मडके गुन्हेगार, हा कुठला न्याय?

सवाल खोटा नाही. पण चिमूरहून निघालेल्या बायकांना चवीशी भांडायचे नव्हते. मजुरीतले घरी किती पोचते, हा त्यांचा हिशेब होता. शहरातला दुसरा पेला खिशाला झोंबतो, मजुराचा दुसरा पेला चुलीला.

म्हणून उत्तर बाहेरच्या रसिकांनी देऊ नये, कारखानदारांनी तर नाहीच. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदीचा आणि दारूवरील नियंत्रणाचा अधिकार मानला आहे; २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासीयांची मालकी मान्य केली आहे. मोहाचे काय करायचे, ते त्या ग्रामसभेत ठरावे, आणि तिथे बायकांचा आवाज आधी ऐकला जावा. तोवर फुलाला खाद्य म्हणून चांगला भाव मिळवून देणे तर आपल्या हातात आहे.

आणि कडू पेल्याची हौसच असेल, तर मोहफुले उकळून रस गाळावा, त्यात लिंबू, थंड पाणी आणि चमचाभर काडेचिराईताचा काढा घालावा. घरातल्या आजीसमोरही तो पिता येईल!