छतांत बसविलेला दिवा

परभणी जिल्ह्यांतील जुनीं माळवदाचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस तेथील उजेडाची रीत ठाऊक असेल. जाड मातीच्या छतांतील झरोका दिवसा उजेड देई, आणि रात्रीं काम असेल तेथें कंदील उचलून नेला जाई. आतां परभणी, सेलू, गंगाखेड येथील नव्या घरांत स्लॅबखालीं पीओपीचें दुसरें छत करून त्यांत दिवे बसविण्याची आवड दिसते. हा दिवा मात्र उचलून नेतां येत नाहीं. म्हणून तो कसा दिसतो यापेक्षां तो कोठें बसवावा, याचा विचार आधीं व्हावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम दिव्याच्या जातीविषयीं. आजवर अशा छतांत, विशेषतः बँका व कचेऱ्या यांत, फ्लोरोसंट नळ्या, म्हणजे आपल्या परिचयाच्या ट्यूबलाइट, बसत आल्या. दोन फूट चौरस पेटी, तींत १८ वॅटच्या चार नळ्या व खालीं चकचकीत जाळी, ही रचना पुष्कळांनीं पाहिली असेल. नळींत पाऱ्याची वाफ असते. विजेच्या योगें तींतून अतिनील किरण निघतात व आंतील पांढऱ्या लेपावर पडून त्यांचा उजेड होतो. हा पाराच आतां नळीच्या मुळावर आला आहे. पाऱ्यासंबंधींच्या मिनामाता करारांतील राष्ट्रांनीं २०२३ सालीं जिनीव्हा येथें असें ठरविलें कीं, या नळ्यांचें उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबवावी. भारतही या करारांत सामील आहे. तेव्हां नव्या छतांत नळ्यांची सोय करणें म्हणजे पुढें बदली नळी मिळणें कठीण जाईल अशी वस्तु हौसेनें घरांत घेणें होय. नव्या कामांत एलईडीच घ्यावा. कचेरींतील जुन्या पेटीच्या जागीं ३६ वॅटचा एलईडी पॅनेल बसतो. चार नळ्यांस ७२ वॅट लागत, आणि चोकचा खर्च निराळा.

परंतु जात बदलली म्हणून जागेचा प्रश्न सुटत नाहीं. भिंतीवरील ट्यूब छत व भिंती दोन्ही उजळते. छतांत बसविलेला दिवा केवळ खालीं पाहतो. त्यामुळें छत अंधारांत राहतें, आणि बैठकींत सहा दिवे लावूनही खोली कोंदट वाटते. अशा खोलींत भिंतींस फिकट रंग द्यावा व भिंतीवरील एक तरी दिवा राखून ठेवावा.

दुसरी गोष्ट पंख्याची. परभणीच्या उन्हाळ्यांत तपमान ४० अंशांच्या वर जातें. तेथें पंख्यावांचून बसवत नाहीं. ४८ इंची पंख्याचीं पातीं मध्यापासून दोन फूट पसरतात. दिवा आणि पुस्तक यांच्यामध्यें हीं पातीं आलीं, तर पानावर सावल्यांची सारखी फडफड चालते. मुलगा डोळे चोळीत उठतो, आणि त्याचें अभ्यासांत चित्त नाहीं म्हणून घरचीं वडील माणसें त्यासच बोलतात! ज्या बाजूस मूल बसतें त्याच बाजूस, पात्यांपासून दूर व त्याच्या डाव्या अंगास दिवा असावा. स्वयंपाकघरांतही हाच न्याय. दिवा खोलीच्या मध्यावर असला कीं, ओट्याशीं उभ्या राहणाऱ्या गृहिणीची स्वतःची सावली तिच्या सुरीवर पडते. तो ओट्याच्या वरच असावा. म्हणून दिव्यांच्या जागा ठरवितांना घरांतील स्त्रियांचें मत सर्वांच्या आधीं घ्यावें.

तिसरी गोष्ट उष्णतेची. चैत्र-वैशाखांत स्लॅब तापतो व दोन छतांमधील हवा कोंडते. एलईडीच्या आंतील विद्युत्‌साहित्य उष्णतेनें लवकर बिघडतें. वर कांहीं इंच मोकळी जागा ठेवावी, आणि दिवा खालूनच काढतां येईल असा घ्यावा. नाहींतर एका दिव्यासाठीं छत फोडण्याची पाळी येते.

उजेडाचा रंग वेष्टनावर केल्विनमध्यें छापलेला असतो. बैठक व निजण्याची खोली यांस ३००० च्या आसपासचा पिवळसर, आणि अभ्यासास ४००० चा पांढरा उजेड पुरे. कचेरींतील लेखन-वाचनास ३०० ते ५०० लक्स उजेड असावा असा संकेत आहे. वृद्धांच्या डोळ्यांस तरुणांहून अधिक उजेड लागतो. आजोबांच्या पोथीपाशीं निराळा टेबलदिवा हवाच.

ज्यांच्या घरीं नळ्या चालू आहेत, त्यांनीं त्या खुशाल शेवटपर्यंत वापराव्या. मात्र जळलेली नळी उकिरड्यावर फोडूं नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत असे दिवे येतात. ते त्या कचऱ्याच्या संकलकाकडेच द्यावे. घरांत नळी फुटल्यास मुलांस बाहेर काढून खिडक्या उघडाव्या, आणि झाडू न फिरवितां जाड कागदानें तुकडे गोळा करावे.

कारागीर येण्यापूर्वीं एके सायंकाळीं सर्वांनीं कोऱ्या घरांतून हिंडावें. कोण कोठें वाचणार, कोठें निवडणार, कोठें जेवणार, तेथें फरशीवर खडूनें खूण करावी, आणि त्या खुणा पाहून मगच छतावर दिव्यांच्या जागा आंखाव्या.