हिरवळीला पर्याय : थाइम की जलपिंपळी?

इंग्लंडच्या केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट येथील आपल्या उद्यानात लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी गवताऐवजी जमिनीलगत पसरणाऱ्या थाइमचा गालिचा तयार केला. पाऊल पडताच सुगंध दरवळतो, उन्हाळ्यात जांभळट फुले येतात आणि वारंवार कापणी करावी लागत नाही. अशी छायाचित्रे पाहून मीरा रोडच्या नया नगरातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेलाही मोह पडला, तर नवल नाही.

परंतु थाइम ही कोरड्या, खडकाळ, पाण्याचा सहज निचरा होणाऱ्या भूमीची वनस्पती आहे. तिची एक भगिनी हिमालयाच्या उतारांवर आपोआप वाढते. तिकडे तिला बनअजवायन म्हणतात. हे नाव यथार्थच, कारण थायमॉल हे सुगंधी द्रव्य आपल्या ओव्यातही असते. मीरा-भाईंदरचा बराच भाग मात्र मुळात खाजणांचा आणि मिठागरांचा. येथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, थाइमच्या दाट गादीखाली ओल साचते आणि मुळे कुजतात. केवळ सुगंधच हवा असेल, तर कुंडीतील पानओवा पुरेसा आहे.

नेहमीच्या हिरवळीचा खरा प्रश्न पाण्याचा. ज्या महिन्यांत आवारात टँकर मागवावा लागतो, त्याच महिन्यांत तीही अधिक पाणी मागते. शिवाय कापणीयंत्र व कीटकनाशक यांमुळे होणारी सूक्ष्म जीवांची हानी अनेक कुटुंबांच्या मनाला टोचते.

अशा जागी जलपिंपळीचा विचार अवश्य व्हावा. ओढ्याकाठी आणि पाणथळ जागी आढळणारी ही वेल जमिनीसरशी पसरते, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते, थोडा खारेपणाही सोसते आणि एकदा रुजली की कमी पाण्यात तग धरते. जपानमध्ये तिच्यापासून सिद्ध केलेला कुरापिया हा वाण कॅलिफोर्नियात गवताच्या जागी लावला जातो. मयूरपिसासारखे डोळे पंखांवर मिरवणाऱ्या एका नारिंगी फुलपाखराच्या अळ्या हिच्या पानांवर पोसल्या जातात.

लागवड पहिल्या पावसानंतर करावी. त्यापूर्वी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढणे अत्यावश्यक. या कामात आळस केला, तर पुढे वर्षभर लव्हाळाच वेचावा लागतो. बोटभर लांबीच्या फांद्या वीतभर अंतरावर लावाव्यात. ऊन मात्र भरपूर हवे. दोन इमारतींमधील सावलीच्या, ओलसर पट्ट्यात करिवणा बरा. बाजारात त्यालाही ब्राह्मी म्हणतात. पण नीरब्राह्मी ही वनस्पती वेगळी.

जलपिंपळीला सभोवती विटांची वा दगडी कड असावी. ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत तिच्या एका जवळच्या भगिनीने कुरणे व्यापून मोठी अडचण निर्माण केली आहे. पिवळ्या फुलांची वेडेलिया रोपवाटिकेत स्वस्त मिळते, तरी ती घेऊच नये. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे.

जलपिंपळीच्या फुलांवर मधमाश्या येतात, म्हणून मुलांच्या अनवाणी खेळाची जागा निराळी ठेवावी. मधून फरशीची पायवाटही हवीच. साधु-साध्वी हिरव्या वनस्पतीवर पाऊल ठेवीत नाहीत. गोचरीसाठी आवारात येताना त्यांना तीच वाट उपयोगी पडेल.